भेगेवरची सही

टेपवाडी, ता. पोलादपूर
शनिवार, १२ एप्रिल २०२५

चि. सौ. रखमास,
येसाजीदादाचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

परवा तुझा फोन आला तेव्हा आनंदीने तो माझ्या कानाला लावला आणि मी दहा मिनिटं हूं हूं करत बसलो. खरं सांगतो, एक अक्षर कळलं नाही. उजवा कान बत्तीस वर्षं पोरांचे पाढे ऐकून गेला, आता डावाही त्याच्याच वाटेने निघालाय. म्हणून हे पत्र. पत्र दोनदा वाचता येतं आणि मध्ये कोणी हॅलो हॅलो करत नाही.

बातमी अशी की घराचं मोठं काम काढतोय. माजघराची डोंगराकडची भिंत गेल्या पावसात छातीएवढी ओली झाली, ती अजून पुरती सुकलेली नाही. शिवाय कोपऱ्यातून एक भेग वर चढली आहे. आधी केसाएवढी होती, आता तीत रुपयाचं नाणं उभं राहतं. यंदा तुझ्या नातवाचा पहिला गणपती. तुम्ही अकरा जण येणार, माजघरात एका ओळीत अंथरुणं पडणार. ऋत्विकच्या पाळण्यासाठी मी त्या भिंतीजवळच्या तुळईला कडीसुद्धा ठोकून ठेवली आहे. तेव्हा चतुर्थीच्या आत घर नव्यासारखं झालं पाहिजे.

काम कुणाला द्यावं याचा फार विचार केला नाही. शहाण्णव साली ज्याने हे घर बांधलं तो तुडीलचा सोनबा गवंडी अजून हातपाय धरून आहे. त्यालाच निरोप धाडला. आला, थापी-ओळंबा पडवीत ठेवला आणि तासभर तोंडातून शब्द न काढता घराभोवती फिरला. भिंतीचा वास घेतला, मागीलदारची माती बोटात चोळून बघितली. मग भेगेवर तीन ठिकाणी बोटभर चुन्याच्या पट्ट्या आडव्या लावल्या आणि खिळ्याने त्यांवर तारीख कोरली. म्हणे भेग जुनी असेल तर पट्टी शाबूत राहील, जिती असेल तर पट्टी तडकेल. तीन आठवडे भिंतीला हात लावायचा नाय, आधी भिंत काय सांगते ते ऐकायचं, असं बजावून चहा न घेता निघून गेला. मी त्याला म्हटलं की बाबा, तुला बांधायला बोलावलंय, नाडी बघायला नव्हे. पण हसला नाही.

आनंदीचा गुडघा तसाच. मागचा फणस यंदा इतका लागलाय की ओझ्याने घराकडे कललाय. दाजींना सांग, तुमच्या वाटचे गरे ठेवून देतो.

पत्र टाकत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
येसाजीदादा


॥ श्री ॥

भांडुप
१९ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास,
रखमाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी भांडण, मग बाकीचं. तुझ्या पत्राच्या माथ्यावर श्री नव्हता. बाबा गेल्याचं कार्ड असंच बिनश्रीचं आलं होतं, आणि ते वाचायच्या आधीच मी उंबऱ्यात बसले होते. परवाही तसंच झालं. सूनबाईने, सेजलने, माझ्या हातातून पत्र घेऊन मोठ्याने वाचलं, फणसापर्यंत आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बत्तीस वर्षं पोरांच्या वहीत श्री नसला तर छडी मारणारा मास्तर तू! आता तुला कोणी मारायची?

सोनबाला बोलावलंस हे उत्तम केलंस. तो बोलत नाही हे खरं, पण बोलणारे गवंडी मी इथे पुष्कळ पाहिलेत. आमच्या न्हाणीघराचं काम एका बोलघेवड्याने केलं आणि पाणी खालच्यांच्या देवावर गळतं. सोनबा तीन आठवडे थांब म्हणतो तर थांब. तुला घाई कसली, लग्न का आहे?

एक विचारते, रागावू नकोस. मागच्या त्या पऱ्याचं नाव आपल्या घरात काढायचं नाही हे मला ठाऊक आहे, तरी काढते. आपण लहानपणी जिथे भांडी घासायचो, वहिनी नवी नवरी होती तेव्हा जिथे तिची घागर वाहून गेली होती, त्या पऱ्याचं पाणी आता कुठे जातं? पाणी काय मुंबईला नोकरीला लागत नाही. दरवर्षी डोंगरावरून येतच असेल ना?

ऋत्विकला दोन दात आलेत. प्रवीण म्हणतो, मामांच्या घरचा गणपती हा त्याचा पहिला प्रवास. वहिनीला गुडघ्यासाठी तेल पाठवते.

तुझ्या आशीर्वादाची नेहमीच गरज असते, तो असू दे.

तुझी,
रखमा


॥ श्री ॥

टेपवाडी
४ मे २०२५

चि. सौ. रखमास,
अनेक आशीर्वाद. श्री यावेळी मुद्दाम मोठा काढलाय, चष्मा न लावता दिसावा म्हणून.

सोनबाला मी कामावरून काढलं. ऐकून तुला राग येईल, तो आधी गिळ आणि पुढचं वाच.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा तीनपैकी दोन पट्ट्या मधोमध तडकलेल्या होत्या. पावसाचा थेंब नाही, गुरांचा धक्का नाही, आणि पट्ट्या तडकल्या! लगेच याचं सुरू झालं की भिंत नुसती लिंपून भागणार नाय, परसात बांधाला लागून छातीभर खोल चर खणायचा, पाण्याला वाट करून द्यायची, नायतर कामाला हात लावणार नाय. बांधाला लागून! ध्यानात आलं का? बांधापलीकडे कोण आहे? धाकू. आणि गेला महिनाभर हा सोनबा धाकूच्या पायऱ्या बांधतोय. मी काय दूधखुळा आहे?

मी त्याला सरळ विचारलं की पट्ट्या तूच थापीच्या टोकाने तडकवल्यास ना, मोठं काम मिळावं म्हणून? त्याने माझ्याकडे बघितलं, थापी पिशवीत टाकली आणि खाली उतरून गेला. निर्दोष माणूस चार शब्द तरी बोलला असता.

आता महाडकडचा अश्विन म्हणून ठेकेदार गाठलाय. चुणचुणीत आहे, मोबाइलवर फोटो दाखवतो. मागच्या भिंतीला बाहेरून पाणी न शोषणारा गिलावा, परसात भिंतीपासून बांधापर्यंत सिमेंटचा कोबा, आणि माजघरात गुळगुळीत लाद्या, सगळं पावसाच्या आत. पाण्याला आत शिरायला मुंगीएवढी जागा ठेवणार नाही म्हणाला.

तुझ्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणशील, तर जुन्या गोष्टी उकरून काढायचं वय आपलं राहिलं नाही. आनंदीला तेल पोचलं. दाजींना नमस्कार, पोराला पापा.

तुझा,
येसाजीदादा


॥ श्री ॥

भांडुप
१२ मे २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग गिळायला सांगितलास. गिळला, पण तो खाली उतरत नाही.

काल प्रवीणच्या फोनवर सोनबाचा फोन आला. नंबर कुणी दिला ते विचारू नकोस. पाच मिनिटांत त्याने जेवढं सांगितलं तेवढं तो आयुष्यात बोलला नसेल. धाकूच्या पायऱ्या, तुझे आरोप, याचं त्याला काही नाही. त्याला एकच सांगायचं होतं की तुझ्या माजघराखाली पऱ्या आहे. शहाण्णव साली तुला पुढे मोठं खळं हवं होतं, म्हणून घर मागे सरकवलंस, ते थेट पऱ्यावर. दगडगोटे टाकून त्यानेच तो बुजवला. तेव्हा तो म्हणाला होता की निदान खालून मोरी ठेवू, पाणी जात राहील. तू नको म्हणालास. ती मोरी तू का नको म्हणालास हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

पऱ्या ही आपली आणि धाकूची हद्द होती. मोरी ठेवली असती तर हद्द दिसली असती. धाकू मुंबईत गोदीत होता, परत येईतो त्याची आठ हात जमीन तुझ्या भिंतीखाली गेली होती. मोजणीदार आला तेव्हा तू मास्तर, तुझा शब्द प्रमाण. तू सांगितलंस की इथे पऱ्या कधी नव्हताच. आणि त्याने मला विचारलं तेव्हा मी, माहेरपणाला आलेली, प्रवीण मांडीवर, म्हणाले की मला नीट आठवत नाही. दादा, ज्या पाण्यात माझी अर्धी भांडी वाहून गेली ते मला आठवत नव्हतं! भाऊबीजेला तू जरीची साडी घातलीस. ती मी एकदाही नेसले नाही, ट्रंकेत आहे.

तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवत नाही, दाखवलं तर उरलेली माझ्याकडे वळतात. पण सोनबा खोटं बोलत नाही. पाऊस लागला की आजही झोप लागत नाय, असं तो म्हणाला. तुझ्या घरात झोपणारा तो नाही, तरीही. त्याला परत बोलाव. कोबा घालू नकोस.

माझं मन घाबरलंय, एवढं समजून घे.

रखमा


॥ श्री ॥

टेपवाडी
२९ जून २०२५

चि. सौ. रखमास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला सहा आठवडे लागले. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. आता लिहिण्यासारखं शुभ वर्तमान आहे, म्हणून लिहितो. झालेल्या गोष्टी झाल्या, त्या तुझ्या-माझ्यात राहू देत.

काम पुरं झालं. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, तरी अश्विनने शब्द पाळला. आणि ऐक, गेले पंधरा दिवस नुसता कोसळतोय, पण मागची भिंत ठणठणीत कोरडी! हात फिरव, धूळ लागेल. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माजघरात ओलीचा वास नाही. कोब्यावरून पाणी कसं सुरेख वाहून जातं ते बघत मी पडवीत बसतो. सोनबाचं ऐकलं असतं तर आज परसात चर आणि चरात बेडकं असती. गंमत म्हणजे भिंतीच्या पायाशी जे पाणी झिरपायचं, तेही एकदम बंद झालं. गेलंच कुठे कोण जाणे!

आनंदीने माजघराला गुलाबी रंग काढलाय. मला तो मिठाईच्या दुकानासारखा वाटतो, पण घरात माझं कोण ऐकतं? आता तुम्ही निश्चिंत मनाने या. पाळण्याची कडी तेल लावून ठेवली आहे.

दादाला एवढी मोठी शिक्षा करू नकोस, दोन ओळी लिही.

येसाजीदादा


॥ श्री ॥

टेपवाडी
६ जुलै २०२५

सौ. वन्सं यांस,
आनंदीचा नमस्कार. वि. वि.

ह्यांना न सांगता लिवतेय. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक हाय, समजून घ्या. सोनबाला नंबर मीच दिला होता. तो पायऱ्या उतरून गेला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, ते मी बघितले. ह्यांनी नाय बघितले.

घर छान झालंय. लाद्यांवर पाय घसरतो पण दिसायला बरं. रंग काढताना मी सोनबाच्या पट्ट्या खरवडल्या नाय. त्याच्यावरूनच गेरू आणि मग गुलाबी मारला. गणपतीला चार लोक येणार, भिंतीवर ती मलमपट्टी बरी दिसती का? दोन मोडलेल्या होत्या, तिसरी चांगली होती. रंग मारताना बघितलं तर तीही मोडलेली. ह्यांना सांगितलं नाय.

बाकी बारीकसारीक. मागीलदारचं दार लागत नाय, खालून घासतं. अश्विनने रंधा मारून दिला, आठ दिवसांत परत घासायला लागलं. नव्या लाद्यांतल्या दोन आपोआप वर उचलल्या, वाटतं खालून कोणी ढकलतंय. खालच्या विहिरीचं पाणी तांबडं गढूळ येतं, एवढ्या वर्षांत कधी आलं नव्हतं. दुपारी मी आडवी होते तेव्हा उशीखाली बारीक कुरकुर ऐकू येते, उंदीर म्हणावा तर लादीत उंदीर कुठला? ह्यांना विचारलं तर ह्यांना ऐकू येत नाय. फणसाची सगळी फळं उतरवली, तरी झाड सरळ झालं नाय, उलट आणखी वाकलंय.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगते, तर ऋत्विकच्या पाळण्याखाली एक लादी हलते. लहान लेकरू हाय, कोणी अडखळून पडेल. तेवढं प्रवीणला बघायला सांगा.

आठवण काढत जा, मी रोज काढते.

तुमची,
आनंदीवहिनी


॥ श्री ॥

भांडुप
१४ जुलै २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीला रागावलास तर माझं तोंड बघायचं नाही, आधी हे वचन दे. तिचं पत्र मी सोनबाला फोनवर वाचून दाखवलं. दार घासतं, लादी उचलते, विहीर गढूळ, फणस वाकतो, सगळं त्याने ऐकून घेतलं. पण भिंतीचं पाणी बंद झालं हे तुझ्या पत्रातलं सांगितलं आणि तो एकदम ओरडलाच. म्हणाला, ओल होती तोवर बरं होतं, पाणी बाहेर येत होतं. आता ते बाहेर येत नाय म्हणजे आत साठतंय. डोंगर पाणी पिऊन फुगतोय आणि आपण त्याच्या तोंडावर कोबा मारलाय.

तू म्हणशील की सोनबाला काय, तो बोलणारच. त्याच्या पट्ट्या खोट्या, असंही म्हणशील. ठीक आहे. मग तू स्वतः कर. तू मास्तर आहेस, कागद आणि खळ तुझ्या घरात कमी नाही. भेगेवरचा रंग खरवड, वहीच्या पानाची दोन बोटं रुंद पट्टी फाड, खळीने भेगेवर आडवी चिकटव. तिच्यावर भेगेच्या बरोबर मधोमध तुझी सही कर आणि तारीख घाल. कुणाला सांगू नकोस, कुणाला हात लावू देऊ नकोस. तुझी सही तरी सोनबा तडकवणार नाही ना?

पट्टी महिनाभर शाबूत राहिली तर मी सोनबाचं नाव पुन्हा काढणार नाही आणि आम्ही अकराच्या अकरा जण येऊ. फाटली तर ऋत्विक त्या छपराखाली निजणार नाही. तू आणि वहिनीही निजायचं नाही. हा माझा शब्द आहे, आणि यावेळी मला सगळं नीट आठवतंय.

दादा, हट्टाने माणूस मोठा होत नाही. ऐक माझं.

तुझीच,
रखमा


॥ श्री ॥

टेपवाडी
६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रखमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळाल्यावर मी सही केली ती केवळ तुला खोटं पाडायला. तारीख २० जुलै. सही अगदी वळणदार, दाखल्यावर करायचो तशी. पाऊस उघडला होता, आठ दिवस पट्टी जशीच्या तशी. तुला चिडवायचं पत्र मनात तयार झालं होतं.

३० तारखेला मोठा पाऊस झाला. सकाळी पूजा करून उठलो आणि बघितलं. पट्टी फाटली होती. येसाजीमधला 'ये' एका बाजूला आणि 'साजी' दुसऱ्या बाजूला. आधी वाटलं, ओलीने खळ सुटली असेल. दुसरी पट्टी लावली, जाडसर पुठ्ठ्याची. चार दिवसांत तीही फाटली. मधल्या फटीत तांदळाचा दाणा आडवा बसला. आत कोणी यायला नको म्हणून माजघराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या जानव्यासारखी गळ्यात. आता कुणावर आळ घेऊ?

रखमा, मी त्या भिंतीसमोर स्टुलावर तासभर बसलो. आनंदी चहा ठेवून गेली तो गार झाला. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मोरी मी त्याच कारणासाठी नको म्हटली. पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवत होतो आणि संध्याकाळी मोजणीदारापुढे सांगत होतो की इथे पऱ्या नव्हता. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं होतं की नव्हताच.

काल धाकूकडे गेलो. एकोणतीस वर्षांत त्याची पायरी चढलो नव्हतो, आणि चढलो ती सोनबाने बांधलेली निघाली. बोलता येईना, म्हणून पाटी मागितली आणि लिहून दिलं की पऱ्या होता, मी खोटं बोललो. त्याने वाचलं, पुसलं, आणि चहा टाकायला सांगितला. एवढंच. मला वाटतं, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोनबाही आला, धाकूने बोलावून आणला. मी हात जोडले ते त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. पावसात चर खणता येणार नाय, खणला तर डोंगर अंगावर येईल, आता फक्त घर सोडायचं, असं तो म्हणाला. कोब्याला चार भोकं पाडून गेला, त्यातून गढूळ पाणी उसळत होतं. धाकू त्याची पडवी देतोय. पण श्रावणी सोमवार चाललेत, देव हलवायचे, धान्य हलवायचं. चतुर्थीच्या आधी आठ दिवस, १९ तारखेला मुक्काम हलवू असं ठरवलंय. गणपती यंदा धाकूच्या घरी बसेल.

दादाला क्षमा करता आली तर कर.

येसाजी


॥ श्री ॥

भांडुप
११ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता आलं. उभ्या उभ्या लिहितेय, प्रवीण स्पीडपोस्टाने टाकतोय. वहिनीला आणि धाकूकडे फोन करतेय पण लागत नाही.

आठ दिवस आधी कशाला? १९ तारीख कुणाला विचारून ठरवलीस, डोंगराला? धान्य राहू दे, रंग राहू दे. देव उचल, वहिनीचा हात धर आणि हे पत्र वाचशील त्याच दिवशी बाहेर पड. देवाला सोमवार कळतो, तसं संकटही कळतं.

क्षमेचं काय ते समोरासमोर बोलू. आधी समोर ये.

रखमा


टेपवाडी
२१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रखमास,
येसाजीदादाचे आशीर्वाद.

घाबरू नकोस. श्री मुद्दामच घातला नाही, पण माणसं सगळी आहेत. आनंदी माझ्याजवळ तांदूळ निवडते आहे. घर गेलं. त्याच्यासाठी हे पत्र बिनश्रीचं लिहावं असं वाटलं.

तुझं पत्र १५ तारखेला मिळालं आणि त्याच दुपारी आम्ही धाकूच्या पडवीत आलो. १९ तारीख पाळली असती तर सामान बांधत आत असतो. आनंदी हे रोज दहादा म्हणते.

पण माझा मूर्खपणा संपला नव्हता. निघताना सही करून लावलेली शेवटची पट्टी भिंतीवर होती. मनात कुठेतरी होतं की ती शाबूत निघाली तर सगळे आपल्या घरी परत जाऊ. १९ ला दुपारी पावसाची सर जरा ओसरली, आनंदीचा डोळा लागला होता, मी कुलूप उघडून आत गेलो. पट्टी कुठे दिसेना. सही होती तिथे आता आख्खा हात जाईल एवढी फट होती आणि फटीतून गार वारा येत होता. मी तिथेच बघत उभा राहिलो.

बाहेर काय झालं ते मला इतरांनी सांगितलं. डोंगरात ढोल वाजल्यासारखा आवाज सुरू झाला, वाडी घराबाहेर आली, धाकू बांधावरून माझ्या नावाने ओरडत होता. सोनबा सकाळपासून वाडीत होता, पाऊस बघायला तुडीलहून चालत आला होता. तोही ओरडला. मला काहीच ऐकू आलं नाही, रखमा. मी पाठमोरा, शांतपणे भेग बघत उभा. तेव्हा सोनबा आत आला. दंडाला धरून त्याने मला ओढलं, मी चिडून हात झटकला, त्याने मला दारातून बाहेर अक्षरशः फेकलं. चौकट त्याच्यावर आली. मागचा फणस, भिंत, तुळई, सगळं माती घेऊन पुढच्या खळ्यात आलं.

त्याला धाकूने आणि पोरांनी चिऱ्यांखालून काढला. जीव आहे. महाडला दवाखान्यात आहे. उजवा हात कोपरापासून चुरलाय. तो हात पुन्हा थापी धरेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. काल दिवसभर मी त्याच्या खाटेशी बसून होतो. ज्या हाताला मी चोर म्हटलं त्याच हाताने मला ओढलं, हे मला त्याला सांगायचं होतं. शुद्धीवर आल्यावर त्याने आनंदीला विचारलं, मास्तरांना लागलं नाय ना? आनंदीने मला ते लिहून दाखवलं. तो कागद माझ्याजवळ आहे.

माजघर होतं तिथे आता पऱ्या आहे. माती वाहून गेली आणि दुसऱ्या दिवशी पाणी आपल्या जुन्या वाटेने, धाकूच्या आणि माझ्या मधून, असं चालू लागलं जसं मध्ये काही झालंच नव्हतं. तुझा भांडी घासायचा दगडसुद्धा वर आलाय. पाळण्याची कडी त्या दगडापासून हातभर अंतरावर सापडली, तुळईसकट. ती मी कुणाला दाखवली नाही, तुला सांगतोय.

तुम्ही या. धाकू म्हणतो, पडवीत अकरा अंथरुणं मावतील. आधी महाडला उतरा, सोनबाच्या पायाशी ऋत्विकला ठेवा, मग वर या. ती जरीची साडी नेसून ये. हे पत्र वाचून झालं की रीतीप्रमाणे फाडून टाक. लोभ वाढव असं लिहायचा अधिकार मला राहिला नाही, तो तुझा तू ठरव.

पडवी पऱ्याला अगदी लागून आहे. दिवसभर त्याचा आवाज येतो म्हणतात. मला ऐकू येत नाही. आनंदी म्हणते, ती नवी नवरी होती तेव्हा यायचा तसाच येतो.

तुझा,
येसाजीदादा